संशयी पाद्री : 'द एक्झॉर्सिस्ट'चा एक अभ्यास

गेल्या पावसाळ्यात आपल्या महाविद्यालयाच्या चित्रपट मंडळाने 'द एक्झॉर्सिस्ट' हा इंग्रजी चित्रपट दाखवला. मला सेवानिवृत्त होऊन काही वर्षे लोटली. तरी मंडळाचे विद्यार्थी अगत्याने बोलावतात आणि मीही छत्री घेऊन जातो. चित्रपट पाहून मुले भेदरतील असा माझा अंदाज होता. झाले उलटेच. बारा वर्षांच्या मुलीची मान गर्रकन पाठीमागे फिरते त्या प्रसंगी सभागृहात हशा पिकला. हिरव्या ओकारीच्या वेळी तर कोणी शीळही घातली. ज्या दृश्यांनी पन्नास वर्षांपूर्वी अमेरिकेतले प्रेक्षक खुर्च्या सोडून बाहेर पळाले, ती आमच्या मुलांना करमणुकीची वाटली. मला त्याचे फारसे नवल वाटले नाही. भीतीची साधने लवकर जुनी होतात.

नंतरच्या चर्चेत द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी उठली. ही मुलगी गोराईहून रोज लाँचने खाडी ओलांडून येते. घर ईस्ट इंडियन ख्रिस्ती. ती म्हणाली, "सर, त्या मुलीला मी नाही घाबरले. पण ते फादर म्हणतात ना, की माझी श्रद्धाच गेली असं मला वाटतं, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला." यावर मात्र कोणी हसले नाही. वार्षिकाचे संपादक लेख मागायला घरी आले तेव्हा तिचे हे वाक्य माझ्या मनात घोळत होते. भुताच्या गोष्टीत भूत उतरवणाऱ्यालाच शंका का असावी? आणि आपल्याकडच्या भुताच्या गोष्टींत ती सहसा का नसते? या दोन प्रश्नांचा पाठपुरावा करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. त्यात थोडे घरचेही सांगावे लागेल. त्याला इलाज नाही.

प्रथम चित्रपटाविषयी. विल्यम पीटर ब्लॅटी या लेखकाची याच नावाची कादंबरी १९७१ साली प्रसिद्ध झाली आणि विल्यम फ्रीडकिन याने दिग्दर्शित केलेला चित्रपट डिसेंबर १९७३ मध्ये पडद्यावर आला. पटकथा ब्लॅटीचीच. दहा ऑस्कर नामांकने आणि त्यांपैकी पटकथा व ध्वनी यांसाठी दोन पारितोषिके, असा मान त्यापूर्वी कोणत्याही भयपटाला मिळाला नव्हता. कादंबरीचे बीज १९४९ सालच्या एका घटनेत होते. अमेरिकेतील एका किशोरवयीन मुलावर कॅथलिक पाद्र्यांनी भूत काढण्याचा विधी केल्याची बातमी वृत्तपत्रांत आली होती. ब्लॅटी तेव्हा जॉर्जटाऊन या जेझुइटांच्या विद्यापीठात शिकत होता. कथा त्याने त्याच परिसरात घडवली आणि मुलाच्या जागी मुलगी केली.

कथानक थोडक्यात असे. ख्रिस मॅकनील ही चित्रपटतारका चित्रीकरणासाठी वॉशिंग्टनमधील जॉर्जटाऊनमध्ये घर घेऊन राहते. देवाधर्माशी तिचा संबंध नाही. तिची मुलगी रेगन हिला विचित्र झटके येऊ लागतात, आवाज बदलतो, तोंडी घाणेरडी भाषा येते. सर्व वैद्यकीय उपाय थकल्यावर आई फादर डेमियन कॅरस या जेझुइट पाद्र्याकडे जाते. कॅरस शिक्षणाने मानसोपचारतज्ज्ञ आहे आणि आपल्याच पंथातील मनाने खचलेल्या पाद्र्यांना सल्ला देण्याचे काम त्याच्याकडे आहे. शेवटी बिशप फादर मेरिन या अनुभवी वृद्ध पाद्र्याला पाचारण करतात आणि दोघे मिळून विधी करतात. मेरिन विधी चालू असताना हृदयविकाराने मरतो. कॅरस त्या दुष्ट शक्तीला स्वतःच्या अंगात बोलावतो आणि खिडकीतून खालच्या दगडी पायऱ्यांवर उडी घेतो. मुलगी वाचते.

शीर्षकातला भूत उतरवणारा कोण, हे प्रश्न म्हणून मी पूर्वी वर्गात विचारीत असे. बहुतेक विद्यार्थी मेरिन असे उत्तर देत आणि व्यवहारदृष्ट्या ते बरोबरही आहे. पण चित्रपटाचा जीव कॅरसमध्ये आहे. जेसन मिलर हा नाटककार या भूमिकेत पहिल्यांदाच चित्रपटात आला. त्याच्या नाटकाला १९७३ सालीच पुलित्झर पारितोषिक मिळाले होते. त्याचा थकलेला, काळवंडलेला चेहरा एकदा पाहिला की विसरत नाही. कॅरसची म्हातारी आई ग्रीसमधून आलेली, न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत एकटी राहते. पाय दुखावल्यावर तिला सरकारी रुग्णालयाच्या वेड्यांच्या वॉर्डात ठेवावे लागते, कारण मुलाने संन्यास घेतलेला, गाठीला पैसा नाही. मामा त्याला सुनावतो, की तू पाद्री झाला नसतास तर आज नावाजलेला डॉक्टर असतास आणि आई महालात राहिली असती. पुढे ती आपल्या खोलीत एकटीच मरते. याआधीच एका मद्यगृहात बसून तो आपल्या वरिष्ठाला श्रद्धा गेल्याचे सांगतो. भुयारी रेल्वेच्या फलाटावर एक दारुडा भिकारी, आपण लहानपणी चर्चमध्ये पूजेला मदत करीत होतो असे सांगून, त्याच्याकडे मदत मागतो. कॅरस तोंड फिरवतो. नंतर मुलीच्या तोंडून तेच शब्द, त्याच भिकाऱ्याच्या आवाजात, त्याला ऐकू येतात. म्हणजे सैतान त्याला जे दाखवतो ते बाहेरचे नाही. कॅरसने स्वतः जिथे मान फिरवली होती, नेमकी ती जागा तो दाखवतो. मुलीच्या फिरलेल्या मानेपेक्षा पाद्र्याची ही फिरलेली मान मला जास्त अस्वस्थ करते.

आता त्याच्या शंकेचे स्वरूप पाहू. मुलीची आई जेव्हा विधीविषयी विचारते तेव्हा कॅरस म्हणतो, की त्यासाठी तिला यंत्रात घालून सोळाव्या शतकात न्यावे लागेल. मनोविकार म्हणजे काय हे कळल्यापासून हे प्रकार बंद झाले. तो पुरावा मागतो. साधे नळाचे पाणी शिंपडून ते मंत्रवलेले तीर्थ आहे असे तो सांगतो. मुलगी किंचाळून तडफडते. त्याच्या दृष्टीने हा ढोंगाचा, निदान आत्मसूचनेचा पुरावा ठरतो. ती परभाषा बोलते असे वाटते म्हणून तो ध्वनिमुद्रण करतो. ती उलटी वाजवलेली इंग्रजी निघते. हे प्रसंग पाहताना मला दर वेळी अंधश्रद्धा निर्मूलनाचे आपले कार्यकर्ते आठवतात. बुवाच्या हातातला अंगारा तपासून पाहणारा कार्यकर्ता आणि नळाचे पाणी शिंपडणारा हा पाद्री, दोघांची रीत एकच.

येथे एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. कॅथलिक चर्चचा या विधीचा जुना ग्रंथ १६१४ सालचा. त्यातील पहिली सूचनाच अशी, की समोरच्या माणसाला भूतबाधा झाली आहे यावर पाद्र्याने सहजासहजी विश्वास ठेवू नये. आजाराची लक्षणे कोणती हे त्याने ओळखावे. १९९९ साली व्हॅटिकनने विधीचे नवे रूप प्रसिद्ध केले, त्यातही मनोविकाराचा संशय आधी फेडून घेण्यावर भर आहे. म्हणजे कॅरसचा संशय धर्माबाहेरचा नाही. तो त्या विधीचा पहिला भाग आहे. चित्रपटातला विरोधाभास असा, की विधीचा सल्ला प्रथम देतात ते डॉक्टर! सुया टोचून, चित्रे काढून थकल्यावर डॉक्टरांची मोठी बैठक होते आणि मुलीला स्वतःला भूतबाधा झाली असे वाटत असेल तर या विधीचा धक्का कदाचित उपयोगी पडेल, असे ते आईला सुचवतात. श्रद्धा नसलेले डॉक्टर विधी सुचवतात आणि पाद्री कचरतो. हा अदलाबदलीचा खेळ ब्लॅटीने फार हुशारीने मांडला आहे. जाता जाता सांगतो, मानेत सुई खुपसून मेंदूच्या रक्तवाहिन्यांची चित्रे काढण्याचा रुग्णालयातला प्रसंग मला या चित्रपटातला सर्वांत भयंकर प्रसंग वाटतो. तेथे सैतान नाही, कोणी दुष्ट नाही, सगळे आपले काम चोख करीत आहेत.

पण हा चित्रपट आपल्या मातीत आणून लावला तर काय होईल? १९७७ साली याच धर्तीवर 'जादू टोना' नावाचा हिंदी चित्रपट आला होता. रामसे बंधूंच्या 'पुराना मंदिर'मध्ये (१९८४) तर सैतानाचा पाडाव त्रिशूळाने होतो. मराठी वाचकाला जवळचे उदाहरण म्हणजे नारायण धारपांच्या समर्थकथा. माझ्या पिढीने त्या रात्री चोरून वाचल्या. समर्थ येतात, अप्पा जोशींना बरोबर घेतात, वाड्यात किंवा विहिरीत दडलेल्या अमंगळ शक्तीचा मुकाबला करतात. समर्थांचे सामर्थ्य कमी पडेल की काय अशी धाकधूक वाचकाला वाटते. पण आपले सामर्थ्य खरे आहे का, असा प्रश्न खुद्द समर्थांना पडत नाही. धारपांच्या कसबाविषयी मला नितांत आदर आहे, तो प्रश्न येथे नाही. उलट स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट' (१९७५) या कादंबरीतला फादर कॅलहन रक्तपिपासू पिशाचापुढे हातात क्रूस घेऊन उभा राहतो, आणि श्रद्धा डळमळताच त्या क्रूसाचा प्रकाश विझतो. 'लुचाई' वाचलेल्यांना त्या कादंबरीचे वातावरण ओळखीचे वाटेल, कारण धारपांनी ती तिच्यावरूनच बेतली. तिकडे हत्याराची धार धरणाऱ्याच्या अंतःकरणावर अवलंबून. आपल्याकडे हत्यार स्वयंसिद्ध.

हा फरक कोठून येतो याचा विचार करायला बोरीवलीकराला फार लांब जावे लागत नाही. आय. सी. कॉलनीच्या कडेला मंडपेश्वराचे लेणे आहे. हजाराहून अधिक वर्षांपूर्वीचे हे शैव लेणे सोळाव्या शतकात पोर्तुगीज फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी चर्च म्हणून वापरले. वरच्या अंगाला त्यांच्या इमारतीचे भग्न अवशेष अजून उभे आहेत. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेने वसई घेतली आणि या मुलखातली पोर्तुगीज सत्ता संपली. लेण्यातील एका भिंतीवर मूळ शिल्प तासून कोरलेला मोठा क्रूस आजही दिसतो, आणि जवळच नटराजाचे जखमी शिल्पही. वर्गातल्या मुलांना मी तेथे नेत असे. देव आणि दैत्य ही पदे माणसे कशी बदलतात, हे पुस्तकापेक्षा त्या भिंतीवर लवकर कळते.

'देवचार' हा शब्द याचाच दाखला आहे. तळकोकणात आणि गोव्यात देवचार म्हणजे गावाच्या सीमेवर रात्री फिरणारा राखणदार. त्याची काठी आणि वहाणांची करकर ऐकल्याचे सांगणारी माणसे मी पाहिली आहेत. त्याला भ्यायचे, पण त्याचा आधारही वाटायचा. हाच शब्द गोव्यातल्या ख्रिस्ती कोंकणीत सैतानाचा वाचक झाला. इंग्लंडातून १५७९ साली गोव्यात आलेले फादर थॉमस स्टीफन्स हेही कॅरसप्रमाणे जेझुइटच. त्यांनी १६१६ साली छापलेल्या 'ख्रिस्तपुराणा'त सुमारे ११,००० मराठी ओव्या रचल्या. ख्रिस्ती धर्मकथा मराठीत आणायची तर स्वर्ग, देवदूत, सैतान या सगळ्यांना इथले शब्द लागणारच. आणि शब्द बदलला की ज्याला तो लावला त्याची जातही बदलते. गंमत अशी, की 'एक्झॉर्सिस्ट'मध्ये हेच घडले आहे. चित्रपट उत्तर इराकमधील उत्खननात सुरू होतो. मेरिनला तेथे पाझुझूचे छोटे मुंडके सापडते आणि शेवटी तो पाझुझूच्या पुतळ्यासमोर उभा राहतो. प्राचीन मेसोपोटेमियात हा पाझुझू भयंकर खराच. पण गरोदर स्त्रिया आणि तान्ही मुले यांना छळणाऱ्या लमाश्तूला पळवून लावण्यासाठी त्याच्याच मुंडक्याचे ताईत बायका वापरीत. राखणदाराचा सैतान तिकडेही झाला. दिग्दर्शकाने याचा उल्लेखही केला नाही, ही या चित्रपटाची एक उणीव मी मानतो. पूर्वेकडच्या देवतेला आयता खलनायक करणे सोपे असते.

आपली भुते त्यामुळे वेगळी आहेत. मुंज झाली पण लग्नापूर्वी गेला तो मुंजा, बाळंतपणात गेली ती हडळ, पाण्यात बुडाला तो गिऱ्हा, वासना राहिली तो समंध. प्रत्येकाची काही तक्रार आहे. प्रत्येकाला काही हवे आहे. भगत विचारतो, तू कोण, कोठून आलास, काय घेऊन जाशील. आणि भूत नारळ, कोंबडा, लुगडे यांवर तडजोड करते. जॉर्जटाऊनच्या सैतानाला काहीच नको असते. कॅरस मेरिनला सांगू लागतो, की मुलीत तीन तरी व्यक्तिमत्त्वे दिसतात; मेरिन त्याला तोडून म्हणतो, एकच आहे. मूळ चित्रपटातून एक छोटा संवाद कापला गेला होता, तो ब्लॅटीच्या आग्रहाचा होता आणि २००० सालच्या आवृत्तीत तो परत आला. विधीच्या मधल्या विश्रांतीत दोघे पाद्री जिन्यावर बसतात. ही मुलगीच का, असे कॅरस विचारतो. मेरिनच्या उत्तराचा आशय असा, की हल्ला मुलीवर नसून पाहणाऱ्या सगळ्यांवर आहे. आपण पशू आहोत, कुरूप आहोत, देव आपल्यावर प्रेम करील हे शक्यच नाही, असे आपल्याला वाटावे म्हणून हे चालले आहे. हा संवाद काढून टाकणाऱ्याने चित्रपटाचा कणाच काढला होता असे माझे मत. ज्याला काही हवे आहे त्याच्याशी व्यवहार करता येतो. त्यासाठी मध्यस्थाची श्रद्धा लागत नाही, अनुभव पुरतो. ज्याला फक्त तुमची निराशा हवी आहे त्याच्यापुढे मात्र मध्यस्थाचे मनच पणाला लागते.

श्रद्धेवाचून पार पडणारा विधी मी स्वतः पाहिला आहे. आता घरची गोष्ट.

आमचे गाव राजापूर तालुक्यात. आजोबा गावचे उपाध्ये. १९६७ साली मी नऊ वर्षांचा होतो आणि धाकटी आत्या चौदा वर्षांची. ती विहिरीवरून कळशी घेऊन येताना पडली. दातखीळ बसली, तोंडाला फेस आला, डोळे पांढरे झाले. महिन्याभरात असे तीनदा झाले. विहिरीशेजारी पिंपळ होता आणि पिंपळावर मुंजा असल्याचे सगळ्या वाडीला माहीत होते, तेव्हा निदान झाल्यातच जमा होते. भगताला बोलावले. माजघरात तिला बसवली, केस सोडवले, निखाऱ्यांवर मिरच्या टाकल्या आणि ती नाव सांगेना म्हणून निर्गुडीच्या ओल्या फोकाने मारायला सुरुवात केली. आजोबा पलीकडे देवांपुढे बसून रामरक्षा म्हणत होते. त्यांना तसेच सांगितले होते. मी दाराआड होतो. आत्याचा आवाज चढला तसा आजोबांचाही चढला. शेवटी तिने कसलेसे नाव सांगितले. मारणाऱ्याला जे हवे होते ते तिने दिले, एवढेच त्याचे आज मला वाटणारे स्पष्टीकरण.

त्यानेही झटके थांबले नाहीत म्हणून तिला गाणगापूरला नेले, मीही बरोबर होतो. भीमा-अमरजेच्या संगमावर स्नान, माधुकरी, आणि दुपारी निर्गुण पादुकांची आरती. वाचकांपैकी अनेकांनी ते दृश्य पाहिले असेल. आरती सुरू झाली की बाधा झालेली माणसे घुमू लागतात, खांबांवर चढतात, दत्ताला तोंडाला येईल ती शिवी देतात. रेगनच्या तोंडच्या शिव्या ऐकून अमेरिका हादरली, त्या शिव्या मला नव्या नव्हत्या. पण तेथला पुजारी ढळत नव्हता. तो आरती करीत होता, तबक फिरवीत होता. शिव्या त्याला नव्हत्याच. त्या देवाला होत्या, आणि देवाने काय ते बघून घ्यावे असा तेथला रिवाज. क्षेत्र, वेळ आणि पादुका यांत सारे बळ, पुजाऱ्याच्या मनात काय आहे याच्याशी कोणाला कर्तव्य नाही. मला त्या पद्धतीत एक शहाणपण दिसते. निदान आम्ही तेथे होतो त्या दिवसांत कोणी आत्याच्या अंगाला हात लावला नाही.

महाविद्यालयात गेल्यावर सुट्टीत एकदा ओटीवर बसलेलो असताना आजोबा आपणहून म्हणाले, "तिला फेफरं होतं हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. माझ्या मामाला तेच होतं."

मी म्हटले, "मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"उपाध्येपण होतं ना," ते म्हणाले. जरा वेळाने पुन्हा म्हणाले, "पिंपळावर काही नाही असं मीच सांगितलं असतं, तर शांतीला मला कोणी बोलावलं असतं? आणि माझी तरी खात्री कुठं होती?"

इंगमार बर्गमनच्या 'विंटर लाइट' (१९६३) या स्वीडिश चित्रपटात असाच एक पाद्री आहे. अणुबॉम्बच्या भीतीने पोखरलेला एक कोळी त्याच्याकडे धीर मागायला येतो आणि पाद्री त्याला स्वतःच्याच अश्रद्धेची कहाणी ऐकवतो. कोळी जाऊन आत्महत्या करतो. पाद्री रिकाम्या चर्चमध्ये प्रार्थना सुरू करतो. तो कोळी झालेला नट मॅक्स फॉन सिडो, तोच दहा वर्षांनी रंगभूषा करून 'एक्झॉर्सिस्ट'मधला वृद्ध मेरिन झाला; वय तेव्हा अवघे चव्वेचाळीस. बर्गमनचे वडीलही पाद्रीच होते. तो चित्रपट पाहताना मला आमचे माजघर दिसते. शंका मनात ठेवून मोठ्याने म्हटलेली प्रार्थना कशी ऐकू येते, हे मला माहीत आहे.

आता 'एक्झॉर्सिस्ट'च्या अखेरीकडे येऊ, कारण माझे खरे म्हणणे तेथे आहे. कॅरस हा साऱ्या चित्रपटात मुलीला मुलगी म्हणून पाहणारा माणूस आहे, आणि तो तसे पाहू शकतो ते त्याच्या शंकेमुळे. ही आजारी असेल, ही फसवत असेल, हिला आई-बापाच्या घटस्फोटाने ग्रासले असेल, अशी प्रत्येक शंका मुलीच्या बाजूची आहे. मेरिन मेल्यावर ही शंका संपते. समोर सैतानच आहे याची कॅरसला खात्री पटते, आणि त्या क्षणी तो काय करतो? तो त्या बारा वर्षांच्या मुलीला खाली पाडून मुठींनी मारू लागतो. आपल्या विद्यार्थ्यांनी या दृश्यावर टाळ्या वाजवल्या. मला ते आमच्या भगताचे दृश्य वाटले. फोकाच्या जागी मूठ एवढाच फरक. खात्री पटलेल्या माणसाला अंग आणि अंगातले यांतला फरक दिसेनासा होतो. त्यानंतर कॅरस ओरडतो, की माझ्यात ये. ते येते, त्याचे हात मुलीच्या गळ्याकडे जाऊ लागतात, आणि तेवढ्यात तो स्वतःला आवरून खिडकीतून उडी घेतो. समीक्षक या उडीला श्रद्धेचा विजय म्हणतात. ते खोटे नाही. मला मात्र त्या उडीत आधीच्या मुठींची लाजही दिसते. पायऱ्यांखाली मरताना त्याचा मित्र फादर डायर त्याचा हात धरून पापनिवेदनाचे शब्द विचारतो आणि कॅरस बोटे दाबून उत्तर देतो. डायरचे काम करणारा माणूस खरोखरीचा जेझुइट पाद्री होता.

महाराष्ट्राने या बाबतीत कायदा केला तो फार उशिरा. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षे झगडा दिला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात विधिमंडळाने कायदा मंजूर केला. त्याच्या अनुसूचीतील पहिलीच बाब भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरीने वा साखळीने बांधणे, काठीने वा चाबकाने मारणे, मिरचीची धुरी देणे यासंबंधी आहे. ती प्रथम वाचली तेव्हा आमच्या माजघराचा पंचनामा कोणी केला असे मला वाटले. कायदा देव मानण्याला हात लावत नाही. तो फक्त त्या फोकाला आणि त्या मिरच्यांना हात लावतो.

आत्या १९७४ साली बोरीवलीला आमच्याकडे आली ती कायमची. डॉक्टरांनी अपस्माराच्या गोळ्या सुरू केल्या आणि झटके जवळजवळ थांबले. तिने लग्न केले नाही. शिवणाच्या यंत्रावर स्वतःचे पोट स्वतः भरले. हा चित्रपट तिने माझ्याबरोबर पाहिला तो १९८६ साली. त्या काळी व्हीसीआर एका रात्रीसाठी भाड्याने मिळे आणि पैसे वसूल व्हावेत म्हणून आम्ही रात्रभर तीन-तीन चित्रपट पाहत असू. 'एक्झॉर्सिस्ट' शेवटचा, बाकीची मंडळी झोपून गेली होती. आत्याला इंग्रजी येत नव्हते, मी मधूनमधून सांगत होतो. मान फिरली तेव्हा ती "काहीतरीच!" म्हणाली. रुग्णालयातली सुई पाहून तिने पदर तोंडाशी धरला. कॅरसची आई वॉर्डात दिसली तेव्हा, "आईला असं टाकलंन होय रे त्यानं?" असे विचारले. मुठींच्या दृश्याला ती काही बोलली नाही.

चित्रपट संपल्यावर म्हणाली, "त्या पाद्र्याला आधी कळत होतं ना, पोरीला दुखणं आहे म्हणून?"

"आधी त्याला तसंच वाटत होतं," मी म्हटले.

"मग?"

मी तिला शेवटची उडी समजावून सांगू लागलो; त्याने तिच्यासाठी जीव दिला, असे बरेच काही बोललो. तिने सगळे ऐकून घेतले, उजाडायला आलेच होते म्हणून सकाळची गोळी घेतली आणि जरा आडवी झाली. नऊच्या आत व्हीसीआर परत द्यायचा होता, म्हणून मी वायरी काढायला लागलो.